ग्रॉस आणि नेट मोंढ्याच्या पट्टीवरून शिकवा

खरेदी, पैसे, नोकरी यांचे इंग्रजी शब्द मुलांना कसे शिकवावेत असं विचारलंय, आणि बहुतेकांनी पाठांतराच्या याद्या सुचवल्यात. मला वाटतं, आपल्याकडच्या लेकरांना यातलं बरंच आधीच कळतं, इंग्रजी नाव तेवढं माहीत नसतं. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सोयाबीन घातल्यावर हिशेबाची जी पट्टी मिळते ती त्यांच्या हातात द्या. वरची एकूण रक्कम म्हणजे ग्रॉस, हमाली-तोलाई म्हणजे डिडक्शन, शेवटी हाती पडते ती नेट. पगाराची स्लिप म्हणजे अशीच पट्टी.

खरी फसगत सीटीसी या शब्दानं होते. सीटीसी म्हणजे ‘कॉस्ट टू कंपनी’, कंपनीला आपल्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च. माझा भाचा वाळूजच्या एमआयडीसीत कामाला लागला. सीटीसीच्या आकड्याला 12 नं भागून त्यानं घरी पगार सांगितला, त्याच हिशेबानं खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच महिन्यात ओढाताण झाली. सीटीसीत कंपनीनं भरायचा पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) हिस्साही धरतात, साधारण बेसिक म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या 12 टक्के. आणि तेवढाच आपल्याही पगारातून कापला जातो. म्हणून मुलाखतीत ‘इन हँड किती?’ हे विचारायला शिकवा. लेकरं लाजतात, पण विचारलंच पाहिजे.

दुकानात ‘अप टू’कडे लक्ष द्यायला सांगा. ‘अप टू 50 परसेंट ऑफ’ म्हणजे जास्तीत जास्त 50, सगळ्या मालावर नव्हे. आणि एमआरपीत कर धरलेलाच असतो. त्यावर वेगळा जीएसटी मागितला तर देऊ नका.