थायलंडमधला ९० दिवसांचा रिपोर्ट: पोस्टानेच पाठवावा, असं माझं ठाम मत आहे

रेयाँगकर

आमच्या कंपनीत चाकणहून नवीन आलेला एक मुलगा गेल्या आठवड्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकून इमिग्रेशनला जाऊन आला. नव्वद दिवसांच्या रिपोर्टसाठी. रजा गेली, टॅक्सीचे पैसे गेले, सुपरवायझरची नाराजी ओढवली, आणि हातात आली रिपोर्ट झाल्याची, पुढची तारीख लिहिलेली बोटभर चिठ्ठी. हे काम पोस्टाने होतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. उलट जुन्या मंडळींनी "पोस्टाच्या फंदात पडू नकोस" असंच बजावलं होतं. ते ऐकून मला राहवलं नाही, म्हणून हा धागा.

नव्या लोकांसाठी थोडक्यात सांगतो. तात्पुरत्या परवान्यावर इथे सलग ९० दिवसांहून जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाने दर ९० दिवसांनी आपला राहता पत्ता इमिग्रेशनला कळवायचा असतो. १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ३७, फॉर्म टीएम ४७. फी काही नाही. याने व्हिसा वाढत नाही, वर्षाच्या मुदतवाढीचं काम वेगळं. स्वतः जाता येतं, दुसऱ्याला पाठवता येतं, ऑनलाइन भरता येतं किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवता येतं. स्वतः जायचं तर मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत चालतं. पोस्टाचं पाकीट मात्र मुदतीच्या किमान १५ दिवस आधी निघायला हवं. उशीर झाला तर २,००० बाथ दंड. आपण होऊन न जाता तपासणीत सापडलात तर कायद्यात ५,००० बाथपर्यंत दंड आहे, आणि वर दिवसाला २०० पर्यंत.

मी हे काम रविवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून करतो. पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसा, शेवटच्या प्रवेशाचा शिक्का, शेवटची मुदतवाढ आणि मागची चिठ्ठी, या सगळ्यांच्या झेरॉक्स. प्रत्येकीवर निळ्या शाईने सही. भरलेला फॉर्म. आणि स्वतःचा पत्ता लिहिलेलं, १० बाथचं तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. पत्ता थाई लिपीतच हवा आणि घर क्रमांकातली तिरपी रेघसुद्धा गाळायची नाही. ९९/१४२ चं ९९१४२ झालं की चिठ्ठी भलत्याच दारात. पोस्टाच्या खिडकीवर फक्त "लाँग थबियन" म्हणायचं, म्हणजे रजिस्टर. पावतीवर दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी टीएच असा नंबर मिळतो, त्यावरून पाकीट कुठपर्यंत पोचलं ते दिसतं. (पोस्टाला थाईमध्ये "प्राइसनी" म्हणतात. मूळ संस्कृत प्रेषणीय. आपण पाकिटावर "प्रेषक" लिहितो, तोच धातू. मला दर वेळी त्या पाटीखालून आत जाताना बरं वाटतं.)

पण मी पोस्टाला धरून राहिलो त्याचं खरं कारण वेगळं आहे. पोस्टाने फक्त झेरॉक्स जातात, पासपोर्ट घरातच राहतो. आमच्याकडचे निम्मे लोक रिपोर्टसाठी पासपोर्ट एजंटच्या हाती देतात आणि तो चार-पाच दिवस त्याच्या बॅगेत फिरतो. दोन वर्षांपूर्वी रात्री साडेनऊला बहिणीचा फोन आला, बाबांना अ‍ॅडमिट केलंय. पासपोर्ट कपाटात होता, म्हणून मी त्याच रात्री विमानात बसलो आणि सकाळी बाबांच्या उशाशी होतो. त्या आठवड्यात तो एजंटकडे असता तर? म्हणून सांगतो, पासपोर्ट कोणाच्या हाती देऊ नका.

सुखुम्वित_बावीस

रेयाँगकर, पासपोर्ट घरात ठेवायचा हे शंभर टक्के पटलं. पण त्यासाठी पोस्ट कशाला? ऑनलाइनलाही पासपोर्ट घरातच राहतो. झेरॉक्स नाहीत, तिकीट नाही, परतीचं पाकीट नाही. मंजुरी ईमेलवर येते, ती छापायची आणि पासपोर्टमध्ये ठेवायची. मी गेली तीन वर्षं असंच करतोय, ऑफिसच्या खुर्चीतून उठलेलो नाही.

तुमच्या पद्धतीत पासपोर्टच्या सहीसकट प्रती दर तीन महिन्यांनी टपालात फिरतात, त्याचं काय? मला तो धोका एजंटइतकाच वाटतो. मूळ कागद जपायचा आणि त्याच्या प्रती वाटत सुटायचं, हे मला पटत नाही.

फाहुरत

ऑनलाइनचं कौतुक करताना दोन गोष्टी सांगायला हव्यात. नवीन पासपोर्ट झाला असेल तर आधी एकदा कार्यालयात नोंद करावी लागते, मगच ऑनलाइन चालतं. दुसरी गोष्ट आपल्या मराठी नावांची. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच ओळीत असतं, आडनाव वेगळं. फॉर्मवर पहिलं, मधलं आणि आडनाव असे तीन रकाने. इमिग्रेशनकडे तुमची नोंद जशी झालीय तसंच भरावं लागतं. मी वडिलांचं नाव मधल्या रकान्यात टाकलं होतं, अर्ज परत आला. नाव सुधारून पुन्हा भरला तेव्हा मंजूर झाला. पोस्टाने पाठवताना पासपोर्टची प्रत सोबत असते, त्यामुळे माणूस डोळ्यांनी बघून समजून घेतो.

प्राजक्त_उत्तर

मी या धाग्याच्या पूर्ण विरोधात आहे आणि का ते सांगते.

उत्तरेकडच्या एका प्रांतात राहते. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. पाकीट रजिस्टरने पाठवलं, मुदतीच्या १८ दिवस आधी. नंबर टाकून पाहिला तर "पोचलं" असं दिसत होतं. मी निश्चिंत. ओळखीच्या सगळ्यांनी हेच सांगितलं होतं, पावती आहे ना, मग झालं. मुदत गेली, आठवडा गेला, चिठ्ठी येईना. दहाव्या दिवशी पाच वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन गेले. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, तुमच्या नावाची नोंद नाही. मी पावती दाखवली, फोनवर "पोचलं" दाखवलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की पाकीट पोचलं म्हणजे रिपोर्ट झाला असं नाही. २,००० बाथ भरले. पैसे गेले त्याचं एवढं वाटलं नाही. सगळं नियमाने करून मुलीसमोर चुकार ठरले, ते आजही टोचतं.

तेव्हापासून मी स्वतः जाते. चिठ्ठी समोर शिक्का मारून हातात मिळते. मला तीच खात्री पुरते.

नाखवा_हुआहिन

ताई, वाचून वाईट वाटलं. तुमची चूक नव्हती.

पण माझ्यासारख्यांचाही विचार करा. जहाजावर आयुष्य गेलं, निवृत्तीनंतर इथे बायकोच्या गावाजवळ राहतो. वय ६८. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मोबाइलवरचे बारीक रकाने दिसत नाहीत. गुडघ्यामुळे लांबचा प्रवासही नको वाटतो. बायको झेरॉक्स काढते, मी सही करतो, ती बाजारात जाता जाता पाकीट टाकून येते. अकरा वर्षं झाली. सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्यात. एकदाही हरवलेली नाही. तरुणांनी ऑनलाइन करावं, खुशाल करावं. पण पोस्टाचा रस्ता आमच्यासाठी उघडा आहे आणि तो चांगला आहे, हे नव्यांच्या कानावर जायलाच हवं.

नीलिमा_बी

तुम्ही सगळे पाकीट कसं पाठवायचं यावर भांडताय. मला मुळात हा नियमच पटत नाही. आम्ही इथे कर भरतो, वर्क परमिट आहे, घरमालक टीएम ३० भरून आमची नोंद आधीच करतो. मग दर तीन महिन्यांनी "मी अजून इथेच राहतो" हे पुन्हा कशासाठी? २०२२ मध्ये आलेल्या दीर्घ मुदतीच्या एलटीआर व्हिसावाल्यांना हेच काम वर्षातून एकदा पुरतं. म्हणजे वर्षाला एकदा चालतं हे सरकारलाही मान्य आहे, फक्त ते खिसा जड असलेल्यांसाठी. याबद्दल कोणी बोलत नाही.

सुखुम्वित_बावीस

नीलिमाताई, एलटीआरचा मुद्दा बरोबर आहे. पण आपण इथे परके आहोत, नियम त्यांनी करायचा. आपल्याकडेही १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या बहुतेक परदेशी लोकांना १४ दिवसांत नोंदणी करावी लागते.

नीलिमा_बी

एकदा करावी लागते. दर ९० दिवसांनी नाही.

बँगखेनची_मुक्ता

बँकॉकवाल्यांनी पोस्टाचा हट्ट धरू नये असं माझं मत. इमिग्रेशनचं कार्यालय असलेलं चेंग वत्थनाचं सरकारी संकुल पूर्वी खरंच गैरसोयीचं होतं. आता गुलाबी मोनोरेल आहे. स्कायट्रेनच्या सुखुम्वित लाइनने वॅट फ्रा श्री महाथातला उतरायचं, गाडी बदलायची, संकुलाच्या नावाचंच स्टेशन आहे. ऊन नाही, ट्रॅफिक नाही. मी सकाळी लवकर जाते आणि दुपारच्या आत घरी येते. रेयाँग, नान, उबोन अशा लांबच्या लोकांचं गणित वेगळं, ते मान्य.

शिवाय एप्रिलचा विचार करा. सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष, १३ ते १५ एप्रिल, आगेमागे लोक रजा जोडतात. तेव्हा मुदत येत असेल तर पाकीट मार्चमध्येच निघायला हवं, नाहीतर सरळ जाऊन या.

फाहुरत

सोंगक्रानपेक्षा आपली मंडळी दिवाळीत जास्त फसतात. गावी जाऊन आलात की जुनी तारीख संपली. ९० दिवस परतीच्या शिक्क्यापासून नव्याने मोजायचे. माझा एक मित्र दिवाळी करून आला आणि चिठ्ठीवरच्या जुन्या तारखेप्रमाणे पाकीट पाठवून बसला. चिठ्ठीवरची तारीख फक्त तुम्ही देश सोडला नसेल तरच खरी.

आणखी एक. जुन्या याद्यांमध्ये टीएम ६ या कागदी आगमन कार्डाची प्रत मागितलेली दिसते. विमानाने येणाऱ्यांना ते कार्ड २०२२ पासून मिळत नाही, आणि १ मे २०२५ पासून ऑनलाइन आगमन कार्ड आलंय. कार्ड सापडत नाही म्हणून घाबरू नका.

रेयाँगकर

प्राजक्तताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. पहिली पोस्ट लिहिताना मीही मनात तेच धरून चाललो होतो की पावती आहे म्हणजे झालं. ते चूक आहे. पावतीवरून एवढंच ठरतं की पाकीट गेलं. रिपोर्ट झाला हे फक्त चिठ्ठी सांगते.

तरी मी पोस्ट सोडणार नाही, कारण तारखांकडे नीट बघा. समजा मुदत २० जून. पोस्टाचा शेवटचा दिवस ५ जून, आणि ऑनलाइनची खिडकी त्याच ५ जूनला उघडते. म्हणजे आधी ऑनलाइन भरून, नाकारला तर पोस्टाने पाठवू, असं करताच येत नाही. पोस्ट हा सगळ्यात पहिला रस्ता आहे. मी १ जूनला पाकीट टाकतो. २० पर्यंत चिठ्ठी आली नाही तर २७ पर्यंतचे सात दिवस हातात असतात, दंडाशिवाय स्वतः जाण्यासाठी. कॅलेंडरवर २१ तारखेला लाल खूण करायची. चिठ्ठी नाही, तर त्या दिवशी उठून जायचं. पावती, पाठवलेल्या सगळ्या कागदांच्या प्रती आणि पासपोर्ट घेऊन. ही खूण मी आजवर करत नव्हतो, आता करेन.

सुखुम्वित, प्रतींच्या धोक्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. यापुढे प्रत्येक प्रतीवर सहीशेजारी "फक्त ९० दिवसांच्या रिपोर्टसाठी" असं तारखेसकट लिहीन. इथले थाई लोक बँकेला ओळखपत्राची प्रत देताना दोन तिरप्या रेघा मारून मध्ये कारण लिहितात, तसंच.

सुखुम्वित_बावीस

दोन रेघांची पद्धत चांगली, मीही घेतो. पण तुमच्या तारखांचा मला उलटाच अर्थ लागतो. पोस्टाने पाठवलं की तीन आठवडे नुसती वाट बघायची आणि नाही आलं तर शेवटी जायचंच. ऑनलाइन मी ५ जूनला भरतो, नाकारला गेला तरी त्याच आठवड्यात कळतं आणि जायला दोन आठवड्यांहून जास्त वेळ उरतो. माझ्या जिवाला घोर नाही. नाखवाकाका अपवाद, त्यांनी डबा भरत राहावा.

नाखवा_हुआहिन

डब्यात आता जागा नाही, दुसरा आणलाय. 🙏

प्राजक्त_उत्तर

रेयाँगकर, २१ तारखेची खूण मला कोणी तेव्हा सांगितली असती तर दंड वाचला असता. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये सर्वांत वर ती घाला, प्रतिसाद किती जण शेवटपर्यंत वाचतात?

माझी मुदत येत्या महिन्यात १४ ला आहे. मी मात्र जाणारच आहे, मंगळवारी सकाळी, मुलीला शाळेत सोडून.

रेयाँगकर

घातली. सर्वांत वर, ठळक अक्षरात. आणि चाकणच्या त्या मुलालाही आज जेवणाच्या सुट्टीत कॅलेंडर उघडून दाखवलं. त्याची पुढची तारीख ऑगस्टमध्ये आहे, पाकीट आम्ही दोघं मिळून भरणार आहोत.