रॉक गार्डनसारख्या सिमेंटच्या आकृती कोकणच्या पावसात टिकतील का?

अंगणवेल: रत्नागिरीत घरामागच्या बागेत तीन-तीन फुटांच्या आकृती करायच्या आहेत. अंगावर फुटक्या कपबशा, बांगड्या; चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी केल्यात तशा. शिल्पकलेचं शिक्षण नाही, गवंडीकाम जमतं. सांगाडा कशाचा आणि सिमेंट-वाळूचा माल कोणत्या प्रमाणात?

थापी: नेकचंदही शिकलेले शिल्पकार नव्हते, रस्ते-निरीक्षक होते. शिक्षणाचं सोडा, गंजाचं बघा. तुमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. गंजलेलं लोखंड फुगतं आणि वरचा थर फोडतं. ८ मिमी सळई, तिच्यावर गॅल्व्हनाइज्ड कोंबडीजाळीचे दोन पदर, बाइंडिंग वायरची टोकं आत वळवलेली. जाळीवर निदान १२ मिमी माल हवा. कान, बोटं, चोच इथेच तो कमी पडतो, तेव्हा हे भाग जाडच ठेवा. पायांच्या सळया फूटभर खोल काँक्रीटमध्ये. पोकळ आकृतीला तळाशी भोक ठेवा, नाहीतर पाणी आत साचतं.

माल १:२, म्हणजे एक भाग सिमेंटला दोन भाग वाळू; वाळू चाळून धुतलेली. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळाली तरी नको, तिच्यातलं मीठ सळई खातं. पाणी इतकंच की मुठीत गोळा धरेल. अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवा; घट्ट झाला की पाणी घालून पुन्हा वापरू नका.

अंगणवेल: आणि बांगड्या?

लादीवाला: पहिला थर खरवडून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो भिजवून वरचा थर एका वेळी वीतभर जागेतच लावायचा आणि ओला असतानाच तुकडे निम्मे आत दाबायचे. नुसते टेकवलेले गुळगुळीत तुकडे निखळतातच. मातीच्या कौलांचे तुकडे आधी भिजवा, कोरडे असले तर मालातलं पाणी ओढून घेतात. वरून रंग दिलेल्या बांगड्या उन्हात फिकटतात, काचेतच रंग असलेल्या घ्या. लहान मुलं असतील तर कडा घासा.

थापी: एक राहिलं. गोणपाट गुंडाळून १४ दिवस पाणी मारा. काम दिवाळीनंतर काढा. रंग द्यायचाच असेल तर महिनाभर थांबून. लवकर दिला तर आतून पांढरे क्षार येऊन पोपडे सुटतात.

लादीवाला: रंग नकोच. दोन पावसांत शेवाळ धरतं, तेच बरं दिसतं.