वाया घालवायची नसेल तर पालेभाजी निम्मीच आणा, हे मला पटत नाही

गवतीचहा
परवा इथे 'दोनवेळचा' यांनी लिहिलं की अन्न वाया जाऊ नये असं मनापासून वाटत असेल तर पालेभाज्या आणि फळं आणणं निम्म्यावर आणा, डाळी-कडधान्यं-कांदे-बटाटे लवकर सडत नाहीत, आपल्या लोकांचं त्यावरच भागत आलंय. खाली दहाबारा जणांनी 'अगदी बरोबर' लिहिलंय. मला ते इतकं खटकलं की वेगळा धागा काढतेय.

राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये जी आहाराची तत्त्वं काढली त्यात मोठ्या माणसाला रोज 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं सांगितलीत. आम्ही घरात चौघं, म्हणजे दिवसाला 2 किलो, आठवड्याला 14. मी आणत होते जेमतेम निम्मं आणि त्यातलंही टाकत होते. म्हणजे आधीच कमी खातोय आणि वर हा सल्ला की अजून कमी आणा!

माझ्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात कायम एक पिशवी असायची, कोथिंबिरीची, गाठ मारलेली तशीच, आत पाणी सुटून देठांचा काळा चिखल आणि वरची चार पानं मात्र हिरवीगार. शेवटी ओट्याजवळच्या कॅलेंडरवर महिनाभर लिहून ठेवलं, काय टाकलं ते. कोथिंबीर 5 जुड्या, मेथी 2, केळी दीड डझन, थोड्या काकड्या. कोबी, गाजर, बीट, लाल भोपळा यांचं नाव एकदाही नाही. मग लक्षात आलं की दोष मेथीचा नाहीये, रविवारी सगळं एकदम आणायचं आणि मेथी गुरुवारवर ढकलायची हा माझा दोष आहे. केळी सफरचंदांच्या टोपलीत ठेवत होते, पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो, त्यानं शेजारची फळंही भराभर उतरतात.

आता बुधवारी आणि रविवारी आणते. पहिल्या दोन दिवसात पालेभाजी संपवायची, मग भेंडी-गवार-दोडका, आणि कोबी-भोपळा अगदी शेवटी. एवढंच केलं. टाकणं कमी झालं आणि खाणं वाढलं, दोन्ही एकदम. त्यामुळे यातलं एकच निवडा असं कुणी सांगितलं की राग येतो.

दोनवेळचा
ताई, तुमच्या घरात चार माणसं आहेत. आमच्याकडे मी आणि बायको, दोघंही संध्याकाळी साडेआठला घरी. मेथीची जुडी एवढी मोठी येते, अर्धी द्या म्हटलं तर भाजीवाला तोंडाकडे बघतो. निवडून, एक वेळ भाजी करून, उरलेली निम्मी पिवळी पडते. मी खाऊ नका म्हटलंच नव्हतं, मी म्हटलं कमी आणा. टाकताना माझा जीव तुटतो, माझ्या वडिलांनी बहात्तरचा दुष्काळ काढलाय, सुकडीवर दिवस काढलेत त्यांनी. त्यांच्यासमोर भाजी टाकायची माझी हिंमत होत नाही. तुम्हाला याचं काही वाटत नसेल तर बोलणंच खुंटलं.

गवतीचहा
मला काही वाटत नाही हे कुठून काढलंत? वाटतं म्हणूनच महिनाभर लिहीत बसले ना.

आकडेमोड
दोघांनाही एक सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या 2024 च्या अहवालात भारतातल्या घरांमध्ये माणशी वर्षाला 55 किलो अन्न वाया जातं असं आहे, आणि तो आकडा जो तो फेकतो. पण त्यांच्या व्याख्येत साली, कोयी, हाडं सगळं धरलेलं आहे. मे महिन्यात आंब्याच्या कोयी टाकल्या तरी त्या त्यात. म्हणजे जो जास्त फळं खाईल त्याचा आकडा आपोआप वाढणार! तेव्हा बादली भरली म्हणून लगेच अपराधी वाटून घेऊ नका, बादलीत काय आहे ते बघा.

ओलं_खोबरं
साली तरी का टाकायच्या पण? दोडक्याच्या शिरा मी तासून वेगळ्या ठेवते, थोड्या तेलावर मंद आचेवर पार कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, घाई केली तर चिवट होतात, मग तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ घालून भरड कुटायच्या. आमच्याकडे भाजीपेक्षा चटणी आधी संपते. दुधीच्या सालीची तशीच. मुळ्याचा पाला, फ्लॉवरची कोवळी पानं, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाचं थालीपीठ. आपल्या आज्या काही टाकत नव्हत्या.

रात्रपाळी
दुधीच्या सालीची चटणी करण्याआधी दुधीचा तुकडा चाखून बघा, कडू असला तर तो आख्खा टाकायचाच, त्यात वाचवण्यासारखं काही नसतं. हिरव्या पडलेल्या बटाट्याचंही तेच. मी हॉस्पिटलात काम करते, 'वाया कशाला घालवायचं' म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकून खाल्लेले आणि उलट्यांनी हैराण झालेले लोक पाहिलेत. भात उरला तर वेळीच फ्रीजमध्ये जाऊ द्या.

आणि आज्यांचं नाव कृपया पुढे करू नका. आज्या दिवसभर घरात होत्या, घरात चार बायका निवडायला बसायच्या. मी रात्रपाळी करून आले की गवारीच्या शिरा काढायच्या, मेथी खुडायची, शिवाय शिरांची चटणी कुटायची. या चर्चेत जेवढे पुरुष 'नियोजन करा' म्हणतायत त्यांच्यापैकी किती जणांनी या आठवड्यात एक जुडी निवडली ते सांगा.

दोनवेळचा
मी निवडतो. आमच्याकडे मीच निवडतो.

रात्रपाळी
मग तुमच्यापुरते शब्द मागे घेते. बाकीच्यांनी उत्तर द्यावं.

हिरवी_मिरची
एवढा काथ्याकूट कशाला करायचा? आमच्याकडे काहीच वाया जात नाही. फळं मऊ पडायला लागली, भाजी उरली, की आमच्या कामाच्या मावशींना देते. त्यांच्याही मुलांच्या पोटात फळं जातात. गेली 8 वर्षं हेच चाललंय.

चाळ_नंबर_तीन
इतका वेळ नुसता वाचत होतो, आता राहवत नाही. माझी आई वीस वर्षं चार घरी पोळ्या करायची. रोज संध्याकाळी पिशवीत डबे यायचे. कुणाकडची तिसऱ्या दिवसाची आमटी, झाकण उघडलं की वास. काळी पडलेली केळी, एका बाजूनं मऊ झालेली सफरचंदं, तेवढा भाग कापून आई आम्हाला द्यायची. आणि बरंचसं ती घरी यायच्या आधीच कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकायची, कारण बाईंच्या देखत नको म्हणायची सोय नव्हती. म्हणजे तुमचं अन्न वाया जायचं थांबलं नाही, ते फक्त तुमच्या बादलीऐवजी माझ्या आईच्या हातून पडलं आणि पाप तिच्या माथी. तुम्ही मोकळ्या.

हिरवी_मिरची
तुम्ही मला ओळखत नाही आणि सरळ पापाची भाषा करताय. मी वास मारणारं अन्न कधीही दिलेलं नाही. मावशी आनंदानं नेतात. आता काय द्यायचंच नाही का कुणाला?

चाळ_नंबर_तीन
द्या ना. सकाळी केलेली भाजी आधी त्यांच्या डब्यात काढा आणि मग तुम्ही जेवा. मंडईतून डझनभर केळी आणलीत तर त्याच दिवशी त्यातली चार द्या, पिवळी असताना. जे ताटात घ्यायला तुमचा स्वतःचा हात धजत नाही ते दुसऱ्याला देणं म्हणजे दान नव्हे. 'आनंदानं नेतात' हे तुम्हाला कसं कळतं? आईसुद्धा हसूनच न्यायची.

ओलं_खोबरं
भाऊ, थोडं सबुरीनं. त्यांचा हेतू वाईट नाही.

चाळ_नंबर_तीन
हेतूनं पोट दुखायचं थांबत नाही. मी सात वर्षांचा असताना पोट दुखून रात्रभर जागा होतो, दुसऱ्या दिवशी आईचा खाडा झाला आणि पगारातून कापला गेला. सबुरी आम्ही तेव्हा धरली होती.

नारायणगावकर
तुमचं सगळ्यांचं एका जुडीवर चाललंय. आमच्याकडं कोथिंबिरीला भाव मिळंना म्हणून उभ्या प्लॉटवर रोटर फिरवून पीक मातीत गाडलंय मी. काढणीची मजुरी, गाडीभाडं, तोलाई-हमाली धरली तर विकून घरातनंच पैसे जात होते. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभराच्या वर गेला तेव्हा सगळ्यांनी आम्हाला शिव्या घातल्या, आणि भाव पडल्यावर क्रेट रस्त्यावर ओतावे लागतात तेव्हा कुणी विचारायला येत नाही. 'भाज्या निम्म्या आणा' म्हणणाऱ्यांनी हे पण बघावं. तुम्ही निम्म्या आणल्या तर उरलेल्या निम्म्या वाचत नाहीत, त्या आमच्या रानातच कुजतात.

दोनवेळचा
दादा, हे मी धरलंच नव्हतं. तुमचा मुद्दा मान्य. पण मग माझ्या घरातली निम्मी जुडी कुजली तरी चालेल असं तर म्हणायचं नाही ना तुम्हाला?

नारायणगावकर
नाही. आणा आणि खा, एवढंच म्हणणं हाय.

हिरवी_मिरची
काल दिवसभर डोक्यात हेच होतं. आज मावशींना सरळ विचारलं की खरं सांगा, मी देते ते तुम्हाला हवं असतं का. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ताई, पोळी-भाजी नको, नुसती फळं द्या, आणि द्यायची तर चांगली असताना द्या. 'चाळ नंबर तीन', तुमची भाषा मला अजूनही आवडलेली नाही. पण विचारायला हवं होतं, ते मी 8 वर्षांत विचारलं नव्हतं.

चाळ_नंबर_तीन
विचारलंत ते चांगलं केलंत. भाषेबद्दल माफी मागणार नाही.

गवतीचहा
धागा कुठल्या कुठे गेला, पण मावशींचं वाचून मलाच माझ्या कॅलेंडरवरची दीड डझन केळी आठवली. त्यातली निम्मी पिवळी असतानाच कुणाला तरी देता आली असती.

दोनवेळचा, तुमच्या जुडीचा प्रश्न राहिलाच. शेजारी कुणी दोघंच राहणारे असतील तर जुडी वाटून घ्या, आमच्या मजल्यावर आम्ही शेपू आणि चुका तसाच घेतो, अर्धा अर्धा.

दोनवेळचा
समोरच्या काकूंना विचारतो. अजूनही माझं म्हणणं आहे की दोन माणसांच्या घरात पालेभाजी आठवड्यातून एकदाच झेपते, रोजचं 400 ग्रॅमचं गणित आमच्याच्यानं जमणार नाही. पण निम्म्यावर आणा हे सगळ्यांना सांगायला नको होतं, तेवढं मागे घेतो. निवडून ठेवलेली मेथी किती दिवस राहते?

गवतीचहा
धुवायची नाही. मुळं कापून, पिवळी पानं काढून, कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून डब्यात. माझ्याकडे चार दिवस नीट राहते. धुवायची करतानाच.

रात्रपाळी
कापड दुसऱ्या दिवशी हाताला ओलं लागलं तर बदला, नाहीतर तिसऱ्या दिवशी चिकट होते.