मदत हवी आहे: कॉर्निशमधल्या मांजराचा 'क' कुठे जातो?

कॉर्निशमध्ये (इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधली केल्टिक कुळातली भाषा) मांजर म्हणजे 'काथ', स्त्रीलिंगी. मूळ लॅटिन 'कात्तुस'. पण 'ते मांजर' म्हणताना होतं 'आन गाथ', 'त्याचं मांजर' म्हणजे 'इ गाथ' आणि 'तिचं मांजर' म्हणजे 'ही हाथ'! 'त्याचं-तिचं'मधला फरक थोडा उलगडला: जुन्या केल्टिकमध्ये 'त्याचं' स्वरान्त होतं, तर 'तिचं'च्या शेवटी 'स्' होता; म्हणून एकीकडे 'क'चा 'ग' झाला, दुसरीकडे 'ह'. संस्कृतातले अस्य आणि अस्याः याच कुळातले, त्यामुळे हे लगेच पटलं.

अडलंय ते 'माझं मांजर'पाशी. कॉर्निशच्या बहीणभाषेत, वेल्शमध्ये, तिथे 'क' अनुनासिक होतो, मग कॉर्निशमध्ये 'ओ हाथ' का? दुसऱ्या बहीणभाषेत, ब्रेटनमध्येही, घर्षकच (हवा घासून निघणारा ध्वनी) आहे. केल्टिक भाषाविज्ञान शिकलेलं कुणी आहे का इथे? नियम पाठ आहेत, कारण हवंय.