मोबाइलचा धूर कोणाच्या खात्यात?

ताकपिठ्या (धागाकर्ता):
सोसायटीच्या ग्रुपवर सकाळीच फॉरवर्ड आलं : 'चार्जर बोर्डाला लावून ठेवू नका, पृथ्वी वाचवा.' पाठवणाऱ्याने याच दिवाळीत दोन वर्षांचा धडधाकट फोन काढून नवा घेतलाय! ॲपलच्याच जाहीर आकड्यांनुसार आयफोन १३चा जन्मापासून भंगारापर्यंतचा कार्बन (म्हणजे हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड वगैरे) सुमारे ६४ किलो, आणि त्यातला ८० टक्क्यांच्या आसपास फोन बनवतानाच होतो. मोठा वाटा चिप्सचा. त्या तैवानमध्ये बनतात आणि तिथली बहुतांश वीज कोळसा-गॅसवरची. तेव्हा चार्जरचं काय घेऊन बसलात? फोन पाच वर्षं वापरा, बाकी सगळं गौण.

मीटरवाला:
असहमत. फोन दिवसाला साधारण १५ वॅट-तास खातो. चार्जिंगमधली गळती धरून वर्षाला ७ युनिट. आपल्याकडे युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन, म्हणजे तुमच्या पाच वर्षांत २५ किलो. फ्रान्समध्ये अणुवीज, तिथे तोच फोन जेमतेम दोन किलोवर भागवेल. 'बाकी गौण' हे पॅरिसात ठीक, परभणीत नाही. शिवाय टॉवर आणि सर्व्हर या हिशेबात नाहीतच. वीज गेली की कित्येक टॉवर डिझेलवर चालतात, ते कोण मोजणार?

ताकपिठ्या:
हिशेब मान्य, निष्कर्ष नाही. फोन नवा घेतला म्हणून चार्जिंग थांबतं का? ते २५ किलो दोन्हीकडे आहेतच. नव्या फोनचे पन्नासएक किलो मात्र वर चढतात.

रानवारा:
दोघेही ग्राहकालाच धरून बसलात. देशांच्या उत्सर्जनाची मोजदाद हद्दीप्रमाणे होते. फोन झेंगझोऊत जुळवला, मिरवला कॅलिफोर्नियात, तरी कारखान्याचा धूर चीनच्या नावावर. आता तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला जुळणी होते म्हणून आपण पेढे वाटतोय. धूरही आपल्याच वहीत येणार, हे कोणी बोलत नाही.

मीटरवाला:
जुळणीत फारसा धूर नसतो हो. खरा चिप आणि स्क्रीनमध्ये. रोजगार येतोय तर येऊ द्या की.

उंबरठा:
पाच वर्षं वापरा म्हणणं सोपं आहे. माझ्या फोनची तिसऱ्या वर्षी बॅटरी फुगली. सर्व्हिस सेंटरवाला म्हणे, "मॅडम, यापेक्षा नवाच घ्या." शेवटी पुण्यात तपकीर गल्लीतल्या दुकानात बदलून घेतली. फोन उत्तम चालतोय, पण अपडेट बंद, त्यामुळे बँकेचं ॲप रुसलंय. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आहे : मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग आणि किमान पाच वर्षं अपडेट. आपल्याकडे २०२२पासून 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल आहे, पण सक्ती कुठाय? कंपनीला सोडून त्या फॉरवर्डवाल्या काकांना काय झोडपताय!

ताकपिठ्या:
काकांना झोडपणारच, ते माझे सख्खे काका आहेत. बाकी मुद्दा बिनतोड. ते गल्लीतलं दुकान नेमकं कुठे? माझ्या फोनची पाठ कालपासून जरा वर आल्यासारखी वाटतेय.