मदत हवी आहे: बेटावरच्या शाळेसाठी गणिताचं ॲप

निळीशाई:
सहावीची मुलं, गणित अजिबात येत नाही. साधी वजाबाकीसुद्धा नाही. चांगलं ॲप सुचवा. बोट शुक्रवारी येते, त्याआधी सामानाची यादी द्यायची आहे. लवकर.

कोनमापक:
ॲप कशावर चालवणार? नेट आहे? वीज? वर्गात फक्त सहावीच का?

निळीशाई:
नेट धक्क्यावर येतं तेवढंच. वीज संध्याकाळी. चौथी ते सहावी एकत्र बसतात.

पाढेप्रेमी:
ॲपबिप सोडा. तीसपर्यंत पाढे पाठ करून घ्या, सगळं सुटेल. आम्ही तसेच शिकलो.

कोनमापक:
पाढ्यांचा वजाबाकीशी काय संबंध? निळीशाई, चुकलेलं एखादं गणित जसंच्या तसं टाका.

निळीशाई:
४०३ − १६७. निम्म्या वर्गाचं उत्तर ३६४.

कोनमापक:
मग चूक नियमाने होतेय. एकक, दशक काहीही असो, मोठ्यातून लहान वजा करतायत: ७ तून ३, ६ तून ०. मधलं शून्य दिसलं की हातचा कुठून घ्यायचा ते कळत नाही. ४०३ म्हणजे ४० दशक आणि ३, हे हाताने करून दाखवा. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधा. एक सोडला की ३९ गठ्ठे आणि १३ सुट्या. त्यातून १६ गठ्ठे, ७ काड्या काढा. उरले २३६.

वल्हंवाला:
काड्या कशाला? समोर समुद्र आहे! दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणून उद्याची भरती सुमारे ५० मिनिटं उशिरा. हे गणित मुलांच्या रोजच्या कामाचं.

कोनमापक:
पुढे जरूर घ्या, आत्ता नको. तिथे हातचा ६० चा. दहाचाच बसलेला नाही.

वल्हंवाला:
मुलांना कमी लेखताय. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास झाला होता, १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडी हिशेब बरोबर, तीच आकडेमोड कागदावर चूक.
अवांतर: मार्शल बेटांवरचे दर्यावर्दी काड्या बांधून लाटांचे नकाशे करत.

निळीशाई:
आज तोंडी विचारून पाहिलं. एक मुलगी म्हणाली, १६७ ला ३३ दिले की २००, पुढे २०३. म्हणजे २३६. कागदावर तिचंच ३६४! ही रीत चालू द्यायची का?

पाढेप्रेमी:
परीक्षेत मांडणीचे गुण जातील.

कोनमापक:
चालू द्या. कागदावरचं उत्तर तिने याच रीतीने पडताळायचं. दोन्ही जुळेनात की गठ्ठे काढा.

निळीशाई:
बरं. यादीत काय लिहू?

कोनमापक:
रबरबँड. काड्या तिथेच मिळतील.

दमटहवा:
लॅमिनेटर मागवा. खाऱ्या हवेत तक्ते टिकत नाहीत.

निळीशाई:
शाळा सकाळची. वीज कधी असते ते वर लिहिलंय.