लाइटरूमचा कॅटलॉग विंडोजवरून मॅकवर न्यायचाय, सल्ला हवा

रानवाटा:
मंडळी, माझा जुना डेस्कटॉप विंडोज १० वर आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला आणि हे मशीन ११ घेत नाही, म्हणून मॅक मिनी घेतलाय. फोटो सांभाळायला आणि एडिट करायला अडोबीचं लाइटरूम क्लासिक वापरते, सबस्क्रिप्शन चालू आहे. किल्ल्यांचे आणि कासच्या फुलांचे फोटो डी आणि ई अशा दोन ड्राइव्हवर विखुरलेत. फोटो कॉपी होतील हो, पण इतक्या वर्षांचं एडिटिंग, कीवर्ड, कलेक्शन्स यांचं काय? मैत्रीण म्हणते, सगळं एक्सएमपीत (फोटोसोबत राहणाऱ्या नोंदींत) सेव्ह कर आणि तिकडे नव्याने इम्पोर्ट कर. चालेल का? शिवाय मराठी मजकुराची काही पीएसडी, म्हणजे फोटोशॉपमधली, पोस्टर्स आहेत.

सातारी लेन्स:
ताई, नव्याने इम्पोर्ट अजिबात करू नका. एक्सएमपीत एडिटिंग, तारे, कीवर्ड येतात, पण कलेक्शन्स आणि व्हर्च्युअल कॉपीज (एकाच फोटोच्या वेगळ्या एडिटिंगच्या नोंदी) येत नाहीत. त्या फक्त कॅटलॉगमध्ये, म्हणजे लाइटरूमच्या नोंदवहीत असतात. आणि विंडोजवरचा कॅटलॉग मॅकवर जसाच्या तसा उघडतो, त्यामुळे ती एलआरकॅट फाइलच न्यायची. एक्सएमपी जादाची खबरदारी म्हणून जरूर सेव्ह करा.

खरं काम जुन्या मशीनवरच उरकायचंय. कॅटलॉगमध्ये फोटो नसतात, फोटो कुठे आहेत तो पत्ता असतो. मॅकवर डी, ई अशी अक्षरं नसतात, डिस्क तिच्या नावाने दिसते. त्यामुळे तिकडे उघडल्यावर प्रत्येक फोल्डरवर प्रश्नचिन्ह येणार. म्हणून आधी जागा बघून सगळे फोटो एका ड्राइव्हवर, एकाच मोठ्या फोल्डरखाली आणा. ही हलवाहलवी लाइटरूमच्या फोल्डर्स पॅनेलमधूनच करा, विंडोजच्या एक्सप्लोररमधून नको, नाहीतर पत्ते इथेच तुटतील. मग सगळ्यात वरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'शो पॅरेंट फोल्डर' घ्या. आता मॅकवर त्या एकाच फोल्डरवर 'फाइंड मिसिंग फोल्डर' करून नवी जागा दाखवली की आतले सगळे आपोआप जुळतात.

रानवाटा:
दादा, हे फार मोलाचं सांगितलंत. बाहेरची हार्ड डिस्क तीच मॅकला लावली तर?

प्रकाशछिद्र:
ती एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली) असेल तर मॅक वाचेल, पण तिच्यावर लिहिणार नाही. नवी डिस्क एक्सफॅट करून घ्या, ती दोन्हीकडे चालते. जुनी फॉरमॅट करू नका. सगळं जुळल्याची खात्री होईपर्यंत तिला हातही न लावता ठेवा. कॅटलॉग मात्र मॅकच्या आतल्या एसएसडीवर ठेवा, फोटो बाहेर असले तरी चालतं.

प्रीसेट्स (साठवून ठेवलेल्या एडिटिंगच्या सेटिंग्ज) विसरू नका, ते सहसा कॅटलॉगच्या बाहेर असतात. प्रेफरन्सेसमध्ये प्रीसेट्सच्या टॅबवर 'शो लाइटरूम डेव्हलप प्रीसेट्स' बटण आहे, ते फोल्डर उघडून देतं. प्लगइन (लाइटरूमला जोडलेले जादाचे छोटे प्रोग्राम) कॅटलॉगसोबत येत नाहीत, मॅकवर पुन्हा टाकावे लागतात. लायसन्सचं टेन्शन नको, एका खात्यावर दोन मशीन चालतात.

घाटमाथा:
मध्येच विचारतो. माझ्याकडे एकदाच पैसे भरून घेतलेलं लाइटरूम ६ आहे. तेही असंच जाईल का?

सातारी लेन्स:
नाही. २०१९ च्या कॅटालिना या मॅकओएसच्या आवृत्तीपासून मॅकने ३२-बिट, म्हणजे जुन्या धाटणीचे, प्रोग्राम बंद केले आणि ६ चा इन्स्टॉलर त्यातलाच आहे. कॅटलॉग मात्र वाया जात नाही, आजचं क्लासिक तो अपग्रेड करून घेतं. सबस्क्रिप्शन नकोच असेल तर डार्कटेबल हे दुसरं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर बघा, फुकट आहे आणि लिनक्सवरही चालतं. ते एक्सएमपीतून कीवर्ड, तारे आणि क्रॉपसारखे थोडेच बदल उचलतं, बाकी एडिटिंग पुन्हा करावं लागेल. मनाची तयारी ठेवूनच तिकडे वळा.

अक्षरवेडी:
रानवाटा, पोस्टर्सबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या) मजकूर असेल आणि तो फॉन्ट मॅकवर नसेल, तर 'शिवनेरी'च्या जागी निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. विंडोजवर असतानाच प्रत्येक पीएसडीची एक प्रत काढा आणि त्यात मजकुराचा लेयर 'कन्व्हर्ट टू शेप' करा. अक्षरं आकार म्हणून गोठतात, मग फॉन्ट लागत नाही. मूळ फाइलही ठेवा, कारण शेपमधलं शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही. युनिकोड मजकुराची जोडाक्षरं फुटलेली दिसली, तर फोटोशॉपच्या टाइपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा.

रानवाटा:
सगळ्यांचे मनापासून आभार. आधी बॅकअप, मग ई ड्राइव्हचे फोटो डीवर आणायला घेते. अक्षरवेडीताई, शिवनेरीचं पोस्टर खरोखरच जुन्या फॉन्टमधलं आहे, तेही आजच शेप करून ठेवते.